थ्रॅपलीची वेस

१

चूक बाबांची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत त्या दगडाला दोष देत बसणार नाही. नारळ जगदीशकाकांनी फोडला हे खरं, पण जगदीशकाका कशापुढेही नारळ फोडतात. नव्या गाडीपुढे फोडतात, नव्या डिशवॉशरपुढेही फोडलेला मी पाहिलाय. शब्द मात्र बाबांचे होते.

माझे बाबा, पुरुषोत्तम, स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपात ख्राइस्टचर्च पडलं आणि ते पुन्हा उभं करायला जगभरातून माणसं मागवली, त्यात पुण्याहून हे आले. मागोमाग आई, मी आणि माझी धाकटी बहीण ओवी. आल्या आल्या घर घेतलं ते थ्रॅपलीत. शहराच्या कडेच्या हॉर्नबी उपनगराच्या पलीकडे मेंढ्यांची कुरणं होती, ती विकून वसाहती उगवल्या, त्यातली ही एक. खरं थ्रॅपली इंग्लंडात आहे, हजारेक वर्षांचं जुनं गाव. वसाहत बांधणाऱ्याचे पणजोबा तिथले, म्हणून त्याने त्या गावातली सगळी नावं उचलून इथल्या सपाट माळावर मांडली. मिल लेन आहे, गिरणी नाही. वेल क्लोज आहे, विहीर नाही. चर्च वॉकच्या टोकाला विजेचा हिरवा डबा आहे. आणि वसाहतीच्या तोंडाशी एक दगड, कमरेएवढा, एका बाजूला झुकलेला. तो मात्र खरा. त्या गावाच्या शिवेवरून उपटून जहाजाने आणलेला. त्याच्याभोवती लॅव्हेंडर लावली होती. दगडाच्या पलीकडे बसस्टॉप.

आमचं घर पाउंड लेनवर.

"पाउंड म्हणजे पैसे नव्हेत रे," राहायला आलो त्या दिवशीच बाबांनी आम्हाला फुटपाथवर उभं करून सांगितलं. "पाउंड म्हणजे कोंडवाडा. मोकाट गुरं धरून आणायची आणि कोंडून ठेवायची. आमच्या कुडशेतला पण होता, सहाणेच्या, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्याच्या, खाली. मालक आल्याशिवाय सोडत नसत. आणि मालकाला पण काहीतरी द्यावं लागायचं."

"कूल," ओवी म्हणाली. "सो वी लिव्ह इन ॲनिमल जेल."

बाबांना जागांच्या नावांचा नाद आहे. कुडशेत हे कोकणातलं त्यांचं जन्मगाव. कॉलेजला बाहेर पडल्यापासून हा माणूस तिथे सलग आठवडाभर कधी राहिला नाही, पण तिथल्या प्रत्येक बांधाचं, वळणाचं, खडकाचं नाव पाठ. वरची दळी, भटाचा पऱ्या, सतीचा माळ, ढोरपाणंद. जेवताना सुरू व्हायचं. आम्ही मान खाली घालून जेवायचो. ज्या गावात राहायचं नव्हतं, त्याची नावं पोरांच्या ताटात वाढायची, हा या पिढीचा आवडता उद्योग.

२

मी अक्षत. पामर्स्टन नॉर्थला इंजिनिअरिंगला घातलं होतं, ते मी सोडलं. का सोडलं हे मला दर शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या कोणत्या ना कोणत्या काकाला सांगावं लागायचं, पोहे खाता खाता. त्यांना उत्तर नको असायचं. त्यांना स्वतःच्या पोराबद्दल बोलायला सुरुवात हवी असायची.

"आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही," बाबा पाहुण्यांसमोर म्हणायचे. मी शेजारी बसलेला असताना.

मी हॉर्नबीच्या एका गोदामात पडेल ते काम करायचो. सकाळी पाउंड लेनवरून डावीकडे मिल लेन, सरळ दगड, दगडापलीकडे बस. संध्याकाळी उलट. उरलेला वेळ घरातल्या माझ्या खोलीत, जिच्या भिंतीवर बाबांनी माझ्यासाठी कोर्सेसचा तक्ता चिकटवून ठेवला होता.

मग नीलचा फोन आला. नील मुंबईचा, पामर्स्टनला माझा फ्लॅटमेट होता. आता ऑकलंडला, ईस्ट टामाकीत एका मोठ्या गोदामात शिफ्ट सुपरवायझर.

"भाई, पर्मनंट आहे," तो म्हणाला. "फोर्कलिफ्टचं लायसन्स तेच काढून देतात. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी जॉइन हो. येतोस ना? मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय."

मी हो म्हटलं. तिकीट काढलं. विमानतळ आमच्या घरापासून गाडीने इतका जवळ की विमानांची पोटं दिसतात.

घरी सांगितलं तर बाबांनी चमचा खाली ठेवला.

"हमाली करायला ऑकलंडला? ती इथे करतोयस ना? इथे निदान जेवायला घरी असतोस. फेब्रुवारीत परत कॉलेज सुरू करायचं. तोवर कुठेही जायचं नाही."

"मी विचारत नाहीये, बाबा. सांगतोय."

"तुझं सांगणं ऐकून ऐकूनच इथवर आलोय," बाबा म्हणाले आणि चमचा उचलला.

३

दसरा त्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, शनिवारी आला. मंडळाला आनंदाचं भरतं आलं, कारण एकदाचा सण खऱ्या दिवशी साजरा करता येणार होता. सोन्याची पानं म्हणून सोनेरी कार्डपेपर कापला. श्रीखंड आणलं. आणि सीमोल्लंघन करायचं ठरलं.

पण सीमा ओलांडायला आधी सीमा लागते. थ्रॅपलीला ती नव्हती. इथे एक वसाहत संपते आणि दुसरी सुरू होते, मध्ये कचऱ्याच्या डब्यांचे रंगसुद्धा बदलत नाहीत. तेव्हा बाबांना तो दगड सुचला.

"ही खरी शीव आहे," त्यांनी मंडळाला समजावलं. "शेकडो वर्षं एका गावाची वेस राखलेला दगड आहे हा. शीव लक्षात राहावी म्हणून तिथे पोरांची डोकी त्यावर आपटायचे. आपण त्याला फक्त काम परत द्यायचं."

टाळ्या पडल्या.

दुपारी सगळे दगडाशी जमले. गरम नॉर्थवेस्टर वारा सुटला होता, बायका पदर धरून उभ्या. शेंदूर कुठे मिळाला नाही म्हणून कुंकू तेलात कालवून दगडाला फासलं. जगदीशकाका मूळचे मालवणकडचे, त्यांनी गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. नारळ धरला, घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या थ्रॅपली गावच्या वेशीवरल्या राखणदारा, आज ही लेकरं तुझ्यापुढे उभी आहेत."

"होय म्हाराजा," सगळे हसत हसत म्हणाले.

"परमुलखात आलेल्यांना सांभाळ. इमिग्रेशनवाल्यांना बुद्धी दे."

"होय म्हाराजा."

मी दगडाच्या अलीकडे, लॅव्हेंडरपाशी, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून व्हेप ओढत उभा होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक माझं पण." आणि अगदी खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"आणि म्हाराजा, माझ्या थोरल्याच्या पायाला भिंगरी लागली आहे. त्याला तुझ्या ओटीत घातला. मी म्हणेपर्यंत वेशीबाहेर सोडू नकोस."

"होय म्हाराजा." हा मोठा आला. काही काका माझ्याकडे बघून हसले. आई नाही हसली.

नारळ फुटला. सगळे रांगेने दगडापलीकडे बसस्टॉपवर गेले, एकमेकांना कागदी सोनं दिलं, सेल्फी काढले, परत आले. एकटा मी पलीकडे गेलो नाही. बापाने चारचौघांत असं बोलल्यावर मी त्यांच्या मागून चालत जाणार नव्हतो.

नंतर दगडाजवळून जाताना पाहिलं, तर कुंकू कुठेच नव्हतं. पुसलेलं नव्हतं, वाऱ्याने उडावं तर ते तेलात कालवलेलं होतं. शोषलं असेल, म्हटलं. दगड सच्छिद्र असतात.

४

सोमवारी सकाळी कामाला निघालो. हेडफोन चार्ज नव्हते, म्हणून मिल लेनवर वळल्यावर पाणी ऐकू आलं.

नळाचं नाही. जड पाणी, लाकडावर पडून खाली फुटणारं, आणि त्याच्या मागे काहीतरी लाकडी, कण्हत फिरणारं. या भागात ओढा नाही. जमिनीखालून पंप चालला असेल, कुणाच्या तरी बांधकामाचं मशीन असेल, असं मनाशी म्हणत मी फोनवर बसची वेळ पाहिली आणि मान वर केली.

समोर आमची पत्रपेटी होती.

आता, मी मूर्ख नाही. या वसाहतींचे रस्ते मुद्दामच वाकडे काढतात, गाड्या हळू जाव्यात म्हणून. सगळी घरं करड्या विटांची, सगळ्या गॅरेजांची दारं काळी. झोपेत असलेला माणूस चुकीचं वळण घेऊ शकतो. मी परत निघालो. या वेळी फोन खिशात आणि डोळे उघडे. मिल लेनची पाटी गेली, पाण्याचा आवाज जवळ आला, लॅव्हेंडर दिसली, दगड दिसला, बसस्टॉपवर वाट पाहणारी बाई दिसली, तिने घातलेले पांढरे बूट दिसले. आणि मग पत्रपेटी. मध्ये काही गळलेलं नव्हतं. दोन पावलांच्या मध्ये जेवढी जागा असते तेवढीच होती.

त्या दिवशी मी कामाला गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग गोदामातून मेसेज आला की आता यायची गरज नाही, सो ऑल द बेस्ट.

मागच्या कुंपणावरूनही जाऊन पाहिलं. आमच्या मागे कुरण आहे, अजून न विकलेलं. कुंपण साध्या पाइनच्या फळ्यांचं. पाय टाकला, हातांनी वर उचललं स्वतःला, उडी मारली, आणि आमच्याच डेकवर उतरलो. आई खिडकीतून म्हणाली, "हे काय चाललंय माकडासारखं?"

माझे तळहात सोलले होते. फळ्यांनी कुसळं घुसतात, हात असे सोलत नाहीत. नखांत शेवाळं होतं आणि दगडाची करडी पूड.

५

आईला मी सांगितलं नाही. तिला म्हटलं, हॉर्नबीला सोड.

"चल, मला भाजी आणायचीच आहे," ती म्हणाली. आई साधी बाई आहे. तिचा एकच दोष, की बाबा बोलत असताना ती भांडी घासायला लागते.

मी पुढच्या सीटवर बसलो, बेल्ट लावला, दार आतून लॉक केलं. आई रेडिओवरच्या हवामानावर काहीतरी बोलत होती. मिल लेन आली. काचा बंद होत्या तरी पाण्याचा आवाज आत आला. मी आईचा हात धरला, गिअरवरचा. दगड आला. मी डोळे मिटले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. दगड माझ्या खिडकीच्या रेषेत आला.

मी पत्रपेटीजवळ उभा होतो. खांद्यावर बेल्टचा दाब अजून जाणवत होता. हाताला आईच्या हाताची ऊब होती.

ती पिशव्या घेऊन परत आली तेव्हा मी तिथेच होतो, पायरीवर.

"आई, मी कुठे उतरलो?"

"म्हणजे? अरे, तूच म्हणालास ना, इथेच सोड, पाय मोकळे करतो. वर थँक्यू पण म्हणालास." ती थांबली. "तू मला कधी थँक्यू म्हणत नाहीस."

६

ओवीला विचारलं. ती सायकलवरून शाळेत जाते, रोज त्याच दगडाजवळून. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते.

"मी रोज सकाळी दगडापर्यंत जातो का?" मी विचारलं.

"याह."

"आणि मग?"

"यू स्टॉप." तिने माझ्याकडे न बघता सायकलची घंटा एकदा वाजवली. "यू स्टॉप अँड यू नॉड. लाइक समवन्स टॉकिंग टू यू. देन यू टर्न अराउंड."

"कोण बोलतं?"

"देअर्स नोबडी." मग मराठीत म्हणाली, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा आला, कारण ती मराठीत बोलत नाही. "दादा, तू खूप शहाण्यासारखा मान हलवतोस. जसं कोणी तुला रागवलंय."

त्यानंतर मी खोलीतच बसायला लागलो. आमच्या शेजारचा प्लॉट रिकामा आहे, अजून कोणी घर बांधलं नाही, नुसतं गवत. माझी खिडकी त्या बाजूला. पडदा लावला होता. पण पडद्याला कान नसतात, मला होते. तिकडे कोणीतरी श्वास घ्यायचं. एक नाही, पुष्कळ, दाटीने उभे राहिल्यावर घेतात तसा, नाकातून, कंटाळलेला. मधूनच पाय बदलल्याचा आवाज. मी पडदा उघडला की गवत. लावला की परत.

मला वाटलं, डोकं फिरतंय. कॉलेज सोडलेल्यांचं फिरतं असं काका लोक म्हणतातच.

७

नीलचा फोन शनिवारी आला, आम्ही जेवायला बसलेलो असताना. मी स्पीकरवर टाकला. लपवायचं काही उरलं नव्हतं.

"उद्या किती वाजता उतरतोयस? घ्यायला येतो."

"नील, माझं जरा..."

"भाई, जरा वगैरे नको. सोमवारी नाही आलास तर ते दुसरा घेतील. मी परत शब्द टाकू शकणार नाही."

फोन ठेवला. बाबा भात कालवत होते. चेहऱ्यावर ते समाधान, हिशेब जुळल्याचं.

"बाबा, मला बाहेर जाता येत नाहीये," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. बस, कुंपण, आईची गाडी.

"सायकॉलॉजिकल," ते म्हणाले. "तुला मनातून जायचंच नाहीये. शरीर ते ओळखतं. मला तर यात चांगलंच..."

खट्.

शेजारच्या प्लॉटमधून आवाज आला. लाकडावर लाकूड. फुगलेला अडसर खोबणीतून ओढल्याचा, आणि परत बसवल्याचा.

बाबांचा घास हातातच राहिला. मी या माणसाला घाबरलेला कधी पाहिला नव्हता. भूकंपाच्या मागच्या धक्क्यांतही तो दाराच्या चौकटीत उभा राहून रिश्टरचा अंदाज सांगायचा. आता त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"शेणाचा वास येतोय का?" आई म्हणाली.

"कोंडवाड्याचा अडसर ओला असला की असाच वाजायचा," बाबा म्हणाले. आमच्याशी नाही. आबा म्हणजे त्यांचे वडील. "आमची कपिला धरून नेली होती. आबा मला घेऊन गेले सोडवायला. आबा आत गेले, मी बाहेर. काहीतरी बोलणं झालं. गाय घेऊन बाहेर आले. दंडातलं कडं नव्हतं. माझ्या आईने विचारलं तर म्हणाले, गाय आली ना."

मग त्यांनी जगदीशकाकांना फोन लावला. काकांच्या घरी क्रिकेट चालू होतं.

"गाऱ्हाणं मागे? असं कुठे असतं रे पुरुषोत्तम? एकदा घातलं की घातलं." मग हसले. "आणि तू काय खरं धरून बसलास? कार्यक्रम होता तो. पुढच्या वर्षी ढोल आणायचाय, तुझं नाव लिहू ना?"

खरं मानलं तर मागे घेता येत नाही, खोटं मानलं तर मागे घ्यायचं कारण नाही. या लोकांनी आयुष्यभर आम्हाला असंच वाढवलं.

८

रविवारी दुपारी पूर्वेचा गारठा आला, बारीक पाऊस, पांढरं आकाश अगदी छपरांवर टेकलेलं. विमान संध्याकाळचं. बाबांनी माझी बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं, हाड दुखेल इतकं.

"मी म्हणेपर्यंत, असं म्हटलं होतं ना मी? तर आता मी म्हणतो," ते म्हणाले. "संपलं."

मिल लेनवर गिरणी फिरत होती. बाबांनी मान वळवली, म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. वेल क्लोजच्या तोंडाशी साखळीला बांधलेलं काहीतरी खोल जाऊन आपटलं. लॅव्हेंडर दिसली. दगड दिसला. दगडासमोर उभं राहून बाबा मोठ्याने म्हणाले, "सोड त्याला. मी सांगतोय."

पाऊस पडत राहिला.

आम्ही एक पाऊल टाकलं आणि पाउंड लेनच्या टोकाला होतो, त्या रिकाम्या प्लॉटपुढे. दोघंही. बॅग बाबांच्या हातात, मनगट त्यांच्या मुठीत.

प्लॉट रिकामा नव्हता. छातीएवढी भिंत होती, दगडावर दगड रचलेली, शेवाळलेली. मध्ये लाकडी फाटक. आत पाठी होत्या. एकाला एक लागून, सगळ्या आमच्याकडे पाठ केलेल्या, त्यांच्यावरून वाफ निघत होती. गुरं, मी मनाशी म्हटलं, गुरं आहेत. एका पाठीवर ओला लोकरीचा कपडा चिकटलेला होता. मग कोपऱ्यात मला एक मोकळी जागा दिसली, अगदी एका जणापुरती, आणि तिथल्या चिखलात माझ्या जँडल्सचे ठसे होते. पुष्कळ. रोजचे.

अडसरावर एक हात होता. भिंतीच्या आडून आलेला, मनगटापर्यंत. जुना हात, नखं जाड. त्याच्या चिरांत कुंकू बसलं होतं.

"माझा आहे तो," बाबा म्हणाले. आवाज फाटला. "मी मालक. मी आलोय."

हात हलला नाही. पलीकडे कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही, पण बाबांनी ऐकलं. ते मान हलवायला लागले. हळू, शहाण्यासारखी.

"माझ्याकडे इथलं काही नाही," ते म्हणाले. मग वेगळ्याच, लहान आवाजात, "सतीचा माळ."

थांबले. पलीकडेही कोणीतरी थांबलं. तोंडात काहीतरी घेऊन थांबावं तसं.

"ढोरपाणंद," बाबा म्हणाले. "भटाचा पऱ्या. वरची दळी."

एकेक नाव खाली ठेवत होते. प्रत्येकानंतर ती शांतता. मी त्यांना ओढलं, बाबा, चला, म्हटलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते भराभर बोलायला लागले, विहिरींची, खडकांची, आंब्यांची नावं, जी मी जेवताना कधी नीट ऐकली नव्हती. अडसर इंचाइंचाने सरकत होता. आतल्या पाठींपैकी एक वळायला लागली.

"सहाण," बाबा म्हणाले. मग खूप उशिराने, "कुडशेत."

खट्.

माझ्या मानेवर मागून हात पडला आणि कपाळ शिवेच्या दगडावर आपटलं. जोरात नाही. लक्षात राहील इतपत.

मी बसस्टॉपवर होतो. पलीकडच्या बाजूला. बॅग माझ्या पायाशी, कपाळावरून रक्ताचा ओघळ. दगडाच्या अलीकडे, लॅव्हेंडरपाशी, बाबा भिजत उभे होते, आणि त्यांच्या मागे नेहमीचं थ्रॅपली, करड्या विटा, काळी दारं.

"बाबा, या इकडे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बसस्टॉपकडे पाहिलं, हॉर्नबीला जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

"हा रस्ता कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

बस आली. मी चढलो. कोणी काहीही म्हणो, मी चढलो.

९

ईस्ट टामाकीत आता मला दोन वर्षं होत आली. फोर्कलिफ्ट चालवतो. कपाळावर खूण आहे, नील तिला माझा टिळा म्हणतो.

डॉक्टरांनी बाबांच्या डोक्याचे स्कॅन केले, सगळे स्वच्छ. बीमचं गणित ते अजून तोंडी करतात. माझे नापास झालेले विषय त्यांना क्रमाने आठवतात. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आहे, कारण ते सकाळी ऑफिसला निघतात आणि थोड्या वेळाने परत येतात. आई म्हणते, थकतात रे. ओवीने एकदाच मेसेज केला, 'ही डझ द नॉड नाउ.' पुढे काही लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी परत गेलेलो नाही. दर रविवारी फोन करतो. मागच्या महिन्यात विचारलं, बाबा, आबांचं घर कुठे होतं? ते लगेच म्हणाले, "मिल लेनच्या पलीकडे. विहिरीला लागून." मागून आईने भांडं घासायला घेतल्याचा आवाज आला.

बाबांचं गाव गेलं. मी कुडशेत म्हटलं की ते स्पेलिंग विचारतात.